भिंगावरचे धागे की बुबुळातले?

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातली एक जुनी दुर्बीण आहे. तुमच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, म्हणोत बापडे. तारे बघते ती दुसरी, माझी चुलतबहीण. तिचं तोंड सदा आभाळाकडे. मी मान खाली घालून काम करते आणि केसाच्या शंभराव्या भागाइतकं बारीकही नजरेतून सोडत नाही.

माझं अंग पितळेचं. माझी भिंगं घासणारा कारागीर म्हणाला होता, "हिला कोरडी ठेवली तर नातवंडं हिच्यातून बघतील." पुढे मी प्रयोगशाळेतल्या ताईच्या हाती आले. तीस वर्षं आम्ही खिडकीपाशी एकत्र काम केलं. ताईला मीच घडवली. ती म्हणते तिनं मला सांभाळलं. म्हणू दे.

मग विजेच्या दिव्याची नवी दुर्बीण आली आणि मला कापड गुंडाळून बेसिनखालच्या कपाटात ढकललं. तिथे कायमची ओल. सात वर्षांत माझ्या भिंगावर बुरशी चढली. लोकांच्या डोळ्यांतली बुरशी पकडणारी मी, आणि माझ्याच डोळ्यात बुरशी! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

एके सकाळी एक माळीणबाई सासूचा हात धरून आली; कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं. कुंपण छाटताना वाळकी काटकी तिच्या उजव्या डोळ्याला लागली होती. डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळा संसार उजव्यावर. आणि त्याच उजव्याच्या बुबुळावर, काचेसारख्या पडद्यात, मोहरीएवढा पांढरा ठिपका.

"डोळ्यात काय घातलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब उरले होते," सासू ऐटीत म्हणाली. "मला गुण आला, हिला का येऊ नये? दोन दिवस लाली उतरलीसुद्धा."

"आजी, तुमची कवळी हिला बसेल का?"

सासूची ऐट उतरली. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच.

"त्या थेंबांनी लाली उतरते, पण आत बुरशी असेल तर तिला रान मोकळं मिळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डोळा बधिर केला, ठिपक्याचा कण खरवडून काचपट्टीवर घेतला. बुरशी की दुसरे जंतू, ते लगेच कळायला हवं होतं, कारण दोन्हींची औषधं वेगळी. आणि नेमका नव्या दुर्बिणीचा दिवा गेलेला. बाहेर तपासायला पाठवलं तर दोन दिवस जाणार, तोवर ठिपका बुबुळाच्या मधोमध पोचणार.

ताई धावली ती थेट कपाटाकडे. मला काढलं, पुसलं, खिडकीत बसवलं. मला दिवाबिवा लागत नाही. माझा आरसा उजेडाकडे वळवला की झालं. ताईनं पट्टीवर औषधाचा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली, आणि डोळा लावला.

"डॉक्टर, धागे आहेत. फांद्या फुटलेले, बुरशीचे."

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "ताई, हिच्या भिंगावरही बुरशी आहे. हे धागे बाईंचे की दुर्बिणीचे?"

मित्रांनो, माझं पितळ गार पडलं. मी खोटं दाखवलं तर एका बाईचा एकुलता डोळा जाणार होता.

ताई शांत. "दुर्बिणीचे असले तर जागचे हलणार नाहीत," ती म्हणाली, आणि तिनं काचपट्टी हळूच डावीकडे सरकवली. कडेचे पुसट धागे होते तिथेच राहिले. ते माझे. पण मधले, ते लखलखीत, फांद्यांचे, पट्टीबरोबर निघाले की सरसर!

"बुबुळातलेच आहेत," ताई म्हणाली. मला तर उडी मारावीशी वाटली, पण माझा पाय जड लोखंडाचा.

सासूचे थेंब तिथेच बंद झाले. बुरशीचं औषध दर तासाला घालायचं ठरलं.

"घड्याळ माझ्याकडे द्या," सासू म्हणाली. "एक तास चुकला तर नाव लावणार नाही."

"आता ही मला श्वासही घड्याळावर घ्यायला लावणार," माळीणबाई पुटपुटली.

दीड-दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. माळीणबाईनं भिंतीवरची अक्षरं शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली. मग वळून म्हणाली, "सासूबाई, तुमच्या हनुवटीवर एक केस आहे."

"तेवढं दिसायला नको होतं," सासू म्हणाली, आणि डोळे पुसत बसली.

तेव्हा मित्रांनो, डोळ्याला काडी-पान लागलं तर दुसऱ्याची उरलेली बाटली उघडू नका, डॉक्टरांकडे पळा. आणि जुनं म्हणून कुणाला ओलीत ढकलू नका. ताईनं माझी भिंगं स्वच्छ केली. आता मी कोरड्या खिडकीत असते. बुरशीनं काच थोडी खाल्लीच आहे, कडेचा एक धागा निघत नाही. माळीणबाईच्या बुबुळावरही कडेला एक पुसट डाग राहिलाय. असू दे. आम्हा दोघींना मधलं सगळं स्वच्छ दिसतं.