तळाचं बूच

प्रमोदिनीबाई लोणावळ्यात डॉक्टरकी करायच्या. गाडी मात्र त्यांच्या थोरल्या भावाची, अनंतरावांची. दर सोमवारी ती घेऊन त्या मावळातल्या गावांना जात, एकट्या, स्वतः चालवत. अनंतरावांना हे पसंत नव्हतं. अखेर त्यांनी एक अट घातली होती : एकदा जरी बैल जुंपून गाडी घरी आणावी लागली, तरी त्या दिवसापासून फेऱ्या बंद.

सदतीस सालच्या भाद्रपदातल्या एका सोमवारी टाकवे बुद्रुकच्या अलीकडच्या ओढ्यात गाडी मध्यावरच बंद पडली. पाणी दिसत होतं त्याहून खोल होतं. शेतावरची माणसं धावली आणि त्यांनी ढकलून गाडी पलीकडे काढली. प्रमोदिनीबाईंनी इंजिनातली तेल बघायची कांडी उपसली, तर तिच्यावर ताकासारखं पांढरट काहीतरी चिकटलं होतं. तेलात पाणी शिरलं होतं. तसंच इंजिन चालवलं असतं, तर आतले भाग घासून निकामी झाले असते.

उपाय त्यांना ठाऊक होता. तळाचं बूच काढायचं, खराब तेल सांडून द्यायचं, नवं भरायचं. नव्या तेलाचे डबे त्या नेहमी जवळ बाळगत. एका बाजूची चाकं बांधावर चढवून त्या पाना घेऊन गाडीखाली शिरल्या, पण बूच हललं नाही. मग बजरंग नावाचा एक धिप्पाड शेतकरी आत शिरला. त्यानं अंगातलं सगळं बळ लावलं, आणि तेही उलट्या बाजूला. पाना निसटला, बुचाचे कोन झिजून गेले, आणि आता त्याला कशाचीच पकड बसेना.

बजरंग ओशाळला. आपली बैलजोडी आणतो, गाडी कामशेतपर्यंत नाही तर थेट लोणावळ्याला ओढून नेतो, असं तो आपणहून म्हणाला. प्रमोदिनीबाईंना भावाची अट आठवली. गावात चार बाया गरोदर होत्या, एका मुलाच्या पायाची जखम अजून भरायची होती. त्यांनी बैलांना नकार दिला आणि गावात लोहार आहे का, असं विचारलं.

लोहार हौशीराम विळे-खुरपी विकायला कामशेतच्या बाजाराला गेला होता. घरी त्याची बायको सरुबाई होती. लोकांनी ते सांगून विषय संपवला, कारण सरुबाई भाता ओढते आणि घण मारते एवढंच त्यांना माहीत होतं. पण प्रमोदिनीबाई तिच्या दारात गेल्या.

सरुबाई आली, पोतं अंथरून गाडीखाली निजली आणि बोटांनी बूच चाचपू लागली. मग बाहेर येऊन पदरानं हात पुसत म्हणाली, "बाई, ह्ये गंजल्यालं न्हाई, कुणीतरी लय आवळून बशिवलंय. ओढून न्हाई निगायचं."

"मग कसं निघेल?"

"आदी तापवाया लागंल."

प्रमोदिनीबाई घाबरल्या. गाडीत पेट्रोल होतं. खाली निखारे ठेवले, तर गाडीही जाईल आणि माणूसही. त्यांनी तसं सांगितलं. सरुबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, निखारा नको, नुसतं तापलेलं लोखंड बुचाला टेकवू. तेवढ्यानं जमेल. प्रमोदिनीबाईंनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि इंजिनाभोवती ओली पोती टाकली.

सरुबाईनं आधी कानशीनं बुचाच्या दोन बाजू घासून सपाट केल्या. सुतळीनं माप घेतलं. मग ती भात्यापाशी गेली आणि बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा तापवून, ठोकून तिनं त्याच मापाचा एक पाना घडवला, हातभर लांब दांड्याचा. पहिला सैल झाला. तिनं तो पुन्हा भट्टीत घातला. दुसऱ्यांदा तो बुचावर असा बसला की जराही हलेना. तोवर बांधावर अर्धं गाव जमलं होतं.

भट्टीत तापवून लाल केलेली लोखंडी कांब सांडशीत धरून ती गाडीखाली गेली आणि बुचाच्या मधोमध टेकवून राहिली. कांब काळी पडल्यावर ओली चिंधी दाबली. चर्र आवाज झाला. असं तिनं तीनदा केलं. मग हातोडीनं बुचावर हलकेच चार टोले दिले, पाना चढवला आणि दांडा उलट दिशेला, म्हणजे आवळायच्या बाजूला, किंचित रेटला.

"सरुबाई, ती आवळायची बाजू आहे," प्रमोदिनीबाई वाकून म्हणाल्या.

"ठावं हाय. त्येला आदी जागचं हलू द्या."

तिनं दांडा सोडायच्या बाजूला वळवला आणि पाय चाकाला रोवले. तिच्या दंडाच्या शिरा तटतटून आल्या. लोखंड कुरकुरलं. नंतर एक कोरडा टक्क आवाज आला आणि दांडा वीतभर सरकला.

प्रमोदिनीबाईंनी घमेलं पुढं सरकवलं. बूच निघालं, आधी पाणी आलं, मागोमाग पांढरट तेल. सरुबाई बाहेर आली तेव्हा तिचं तोंड काळंभोर झालं होतं आणि ती हसत होती. बजरंगानं आपला पटका काढून तिला हात पुसायला दिला. बांधावरची माणसं आपसांत तिचंच नाव घेऊन बोलत होती.

थोडं नवं तेल ओतून आतली घाण धुऊन काढली, तेच बूच घासून पुन्हा बसवलं, आणि उरलेलं तेल भरलं. ठिणगीचे प्लग काढून पुसले. हँडल मारायला बजरंग पुढं आला, आणि या वेळी त्यानं कोणत्या बाजूला फिरवायचं ते आधी विचारून घेतलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन चालू झालं.

गावातले रोगी पाहून प्रमोदिनीबाईंनी मजुरीचं विचारलं, तेव्हा सरुबाई म्हणाली, मला कामशेतपर्यंत बसवून न्या, तेवढं पुरे. ती पुढच्या बैठकीवर पाना मांडीवर घेऊन बसली. परतताना बजरंगानं ओढ्यातली उथळ वाट दाखवली. बाजारात हौशीराम विळे मांडून बसला होता. गाडी समोर थांबली तेव्हा आधी त्यानं डोक्याचं मुंडासं सावरलं, मग आत कोण बसलंय ते त्याच्या ध्यानात आलं. सरुबाईनं उतरून भर बाजारात त्याला सगळं सांगितलं. शेजारचे तांदळाचे व्यापारीही मापं ठेवून ऐकत राहिले.

प्रमोदिनीबाई कार्ल्यावरून लोणावळ्याला पोचल्या तेव्हा ऊन अजून फाटकावर होतं. ओढ्यात गाडी बंद पडल्यापासूनचं सगळं त्यांनी भावाला सांगितलं, काही लपवलं नाही. अनंतरावांनी कांडी काढून बघितली. तेल स्वच्छ होतं. त्यांनी कांडी पुसून परत जागी बसवली.

"पुढच्या सोमवारी कुठं जाणार?" त्यांनी विचारलं.

"टाकव्यालाच," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि काळे हात धुवायला मोरीकडे गेल्या.