चिंचोका कुठं ठेवायचा

विनताला शिसारी आली होती ती डच भाषेची नव्हे. भाषा बिचारी सरळ होती. शिसारी आली होती नवऱ्याच्या हसण्याची.

लग्नानंतर महिन्याभरात श्रीरंग हॉलंडला नोकरीवर परतला. तिला मागून जायचं, तर आधी दिल्लीत डच बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. म्हणून ती जबलपुरातल्या घमापुरातून रोज सिविल लाइंसला विभावरीताईंकडे शिकायला जायची. ताईंनी त्या देशात बारा वर्षं काढलेली. त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. लांबलचक जोडशब्द आला की त्याचे तुकडे पाडायचे, दर तुकड्याला ताटात एक वाटाणा ठेवायचा आणि जोर असेल तिथं चिंचोका.

"झी-कन-हाउस. म्हणजे दवाखाना. चिंचोका 'झी'वर," ताई सांगायच्या. "बहुतेक जोडशब्दांत जोर पहिल्या शब्दावरच पडते. आपण सारे तुकडे सारखेच बोलतो, तिथंच गाडी अडते."

विनता घरीही ताट घेऊन बसे. सासूबाईंना, गीताबाईंना, त्याचं कोण कौतुक! रविवारी बुद्धविहारातून चार बाया घरी आणायच्या, श्रीरंगला व्हिडिओ कॉल लावायचा आणि सुनेला ताटासकट समोर बसवायचं.

"बोल न, काहून लाजून राहिली?"

ती बोलायची. पलीकडे श्रीरंग आणि त्याचे मित्र पोट धरून हसायचे. "एक बार और, वो दवाखानेवाला." नंदीबैलाला निदान पसाभर धान्य तरी मिळतं.

शेवटी तिनं एकटीनं फोन करून त्याला बजावलं. "मले किळस येते याची. मित्रांसमोर माझा कॉल नका लावू."

"अच्छा बाबा, नाही लावत."

आठ दिवसांनी जावेनं तिला तिचंच रेकॉर्डिंग दाखवलं. ताट, वाटाणे, तिचा भांबावलेला चेहरा. श्रीरंगच्या ऑफिसच्या ग्रुपवरून फिरत फिरत ते जबलपुरात पोचलं होतं. त्या दिवशी तिनं ताईंना एक नवा शब्द विचारला. ताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, त्याचे तीन तुकडे पाडले आणि पहिल्यावर चिंचोका ठेवला.

परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली. गीताबाईंनी पेढे आणले, बाया जमवल्या, फोन लावला. पलीकडे मित्र होतेच.

"चलो, एखादा नवा शब्द होऊन जाऊ दे," श्रीरंग म्हणाला.

"एख्त-स्खेय-डिंग," विनता म्हणाली. जोर बरोबर पहिल्या तुकड्यावर.

बायांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांतला एकमेव डच गोरा हसायचा थांबला आणि श्रीरंगकडे बघू लागला. श्रीरंग अजून हसतच होता. सहा वर्षं तिथं राहूनही त्याला तो शब्द ठाऊक नव्हता.

"म्हणजे काय वं?" गीताबाईंनी विचारलं.

"घटस्फोट, आई. तुमच्या पोराले म्हणता येत नसल, तर वकिलाकडून लिहून पाठवते."