एकाच जागी दोन पूल

कार्यालयात सगळे त्यांना आचार्य म्हणत. तोंडावर मात्र सर. पूल असो वा छत, त्याचे लहान लहान त्रिकोणी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा ताठपणा काढायचा आणि ते सारे आकडे एका विराट कोष्टकात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, जुळवायचे: हे करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरचा गाभा त्यांचा. त्या गाभ्याचा दरवाजा माझा. अभियंत्याने आपले समीकरण लिहावे आणि ‘जुळणी करा’ म्हणावे, ती जागा. त्या दरवाजाच्या एका कडीवरून आमचे कित्येक दिवस वाजत होते.

दुसऱ्यांदा जुळणी मागितली की नवे आकडे जुन्यांवरच रचले जात. मी म्हणे, आधी पाटी पुसली जावी.

“जुळणी म्हणजे बेरीज,” आचार्य म्हणत. “पुसायची असेल त्यानं आपल्या हातानं पुसावी. पुस्तिकेत लिहिलंय.”

“पुस्तिका कोण वाचतं, सर?”

“ज्याला आपला पूल उभा राहायला हवा असतो, तो.”

दगडालाही कधीतरी शेवाळ धरते. आचार्यांच्या मताला तेवढाही ओलावा ठाऊक नव्हता.

त्या दुपारी ताईचा फोन आला. ताई पादचारी पुलांचे आराखडे करते आणि केवळ माझ्या भिडेखातर आमची चाचणी आवृत्ती वापरते.

“अगं, तुमचं यंत्र फारच गुणी निघालं! मी तुळई बारीक केली, तर पुलाचा वाक जवळपास निम्म्यावर आला.”

“बारीक केल्यावर वाक वाढतो, ताई.”

“हे तू मला शिकव! म्हणून तर फोन केला, शहाणे. आराखडा आज द्यायचाय.”

“जुळणी पुन्हा केलीस?”

“तुळई बदलल्यावर करायला नको? भार तोच होता, त्याला हात नाही लावला.”

मला उलगडा झाला. जुन्या जाड तुळईच्या आकड्यांवर नव्या बारीक तुळईचे आकडे चढले होते. एकाच जागी दोन पूल उभे होते आणि दोघे मिळून एकाच गर्दीचे ओझे वाहत होते.

ताईचे कार्यालय पलीकडच्याच रस्त्यावर. ती लॅपटॉप बगलेत मारून थेट आचार्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“चूक तुमची आहे, बाई,” सारे ऐकून आचार्य म्हणाले.

“असेल. मग बरोबर कसं करायचं ते तुम्हीच दाखवा ना, सर.”

त्यांनी पाटी पुसली, जाड तुळईचा पूल जुळवला, गणित सोडवून वाक काढला. मग तुळई बारीक केली आणि शिस्तीचे महत्त्व सांगता सांगता पुन्हा जुळणी केली.

“हे पाहा. किती कमी वाक!”

“सर,” ताई हळूच म्हणाली, “पुसायचं राहिलं.”

आचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पाटी पुसून सारे नव्याने जुळवले. वाक मर्यादेच्या पार गेला होता.

“तुळई जाडच ठेवायची,” ताई म्हणाली आणि आराखडा उद्या मिळेल हे सांगायला फोन घेऊन बाहेर गेली.

आचार्यांनी पडद्यावर जुळणीचा कोड उघडला.

“असं करू,” ते अखेर म्हणाले. “जुळणी आधी पुसेल. ज्याला रचायचंच असेल, त्यानं तसं वेगळं मागावं.”

“सर, हेच तर मी इतके दिवस सांगत होते!”

“तू नीट मांडलं नाहीस,” आचार्य म्हणाले. “कामाला बस आता. बदल आजच सगळ्यांकडे गेला पाहिजे.”

दात-ओठ खात मी खुर्ची ओढली.