धुऊन आलेला डबा

यमाईची आण घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माझी जीभ झडू दे. दात तर कवाच झडल्यात.

माझा ल्योक रविराज कुपवाडला कारखान्यात लेथवर हाय. बायको माया आन् सहा वर्साची लेक सृष्टी, तिघं तितंच ऱ्हात्यात. हितनं, आमच्या औंधातनं त्यास्नी काय धाडायचं झालं की मी माझा कडीचा डबा भरायची, फडक्यात बांधायची आन् सांगलीच्या गाडीत कंडक्टर नानासोच्या हातात द्यायची. सांगलीच्या स्टँडावर रविराज घ्यायचा. डबा परत यायचा त्यो बी भरूनच. आमच्यात कुनाचं भांडं रिकामं परत करत न्हाईत. काय न्हाईच घावलं तर गुळाचा खडा तरी टाकत्यात.

औंदा संक्रांतीला मी शेंगाच्या पोळ्या धाडल्या. आदल्या साली मायाच्या पोळ्या तव्यावर फुटल्या व्हत्या, समदं सारन भाईर. म्हनून मी फोनवर सृष्टीला म्हनलं, "आईला दाव गं, न फुटल्याली पोळी कशी असती."

गमतीनं म्हनलं. पर फोन स्पीकरवर व्हता.

आठ दिसांनी डबा आला. हलवून बघितला, वाजला न्हाई. उघडला तर आतनं घासून-पुसून लख्ख. गुळाचा खडा बी न्हाई. तळाला माझंच त्वांड दिसलं.

त्यानंतर दोन म्हैने माया फोनवर आली न्हाई. "कामात हाय गं आई," रविराज म्हनायचा. मी बी इचारलं न्हाई. डबा फळीवर ठिवला, येता-जाता दिसायचा. सून तुटली की नात बी लांब जाती, ह्ये काय मला कळत न्हाई व्हय?

पाडवा झाला तसा डबा पिशवीत घातला आन् गाडीत बसले. विट्याच्या अलीकडं मेंढरं आडवी आली. गाडी थांबली तसा त्यातला एक मेंढा दारातनं वर चढला आन् थेट माझ्या शेजारी खिडकीला बसला. आमी मेंढरांतच वाढलेली मानसं, वास वळखला असंल त्येनं.

नानासो आला. "आवं आज्जी, तुमी पंच्याहत्तरीच्या फुडं, तुमाला तिकीट न्हाई. पावन्याचं काय?"

"अर्धं फाड. ल्हान हाय अजून."

मेंढा तासगावात उतरला. वळून बघितलं बी न्हाई मेल्यानं.

कुपवाडला दार मायानं उघडलं. "या आत्या," म्हनाली, पानी दिलं. पिशवीतनं डबा काढला तशी तिची मान खाली गेली. पोरगी शाळंत, ल्योक कामावर. घरात आमी दोघीच.

मी म्हनलं, "माया, एक सांगायचं ऱ्हायलंय बघ. संक्रांतीला तू डब्यातनं धाडलेलं मला मिळालंच न्हाई."

तिनं वर बघितलं.

"त्या नानासोनं खाल्लं. आज गाडीत कबूल झाला. गाडी सुटायला येळ व्हता, पोटात भूक, फडकं सोडलं न् समदं खाल्लं. वर स्टँडावरच्या नळाला डबा धुतला, कुनाला कळू नये म्हनून. मग मी तरी तुला कुठल्या तोंडानं सांगू, काय आलं न् कसं झालं?"

आत कुकरची शिट्टी झाली, तरी माया जागची हालली न्हाई.

"मग काय म्हणाले ते?" तिनं हळूच इचारलं.

"लाडू चांगलं व्हतं म्हनला. बेदाणे जरा जास्तीच."

"बेदाणे बरोबर होते." ओढणीनं नाक पुसलं तिनं. "त्यांनाच चव नाही."

"आसंल. आन् पोळीचं मी जरा जास्त बोलले बघ."

"जरा नाही आत्या. लय बोललात."

"बरं, लय."

मग तिनं गॅस बंद केला आन् आमी जेवलो. मी चार दिस ऱ्हायले. सृष्टी माझ्या पांघरुणात निजायची आन् मेंढ्याचं परत परत सांगायला लावायची.

निघताना डबा हातात दिला, जड लागला. गाडीत उघडला तर शेंगाच्या पोळ्या. वरच्या दोन फुटक्या, मुद्दाम वर ठिवलेल्या. त्याच मी आधी खाल्ल्या. सारन लय ग्वाड व्हतं.

आता आण घेतलीया म्हनून सांगून टाकते. नानासोनं काय खाल्लं न्हाई. बिचाऱ्याला साखरेचा आजार, लाडवाला शिवत बी न्हाई. डबा रिकामाच आला व्हता. त्ये मायाला ठावं हाय, मला ठावं हाय, आन् बोलायचं न्हाई ह्ये बी दोघींला ठावं हाय. माया भेटली की त्येला म्हनती, "काका, डबा सोडू नका हं," आन् त्यो भला मानूस नुसता हसतो.

तेवढंच एक खोटं. मेंढा मातर खरा हाय.