थांबणं हेही माझं काम होतं

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे, दवाखान्यातल्या फ्रीजचा पहारेकरी. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायचं की नाही, ते गोष्ट संपल्यावर ठरवीन.

कुठल्या कारखान्यात घडलो ते उगाळत बसत नाही. १९५४ साली घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीच्या दवाखान्यात आलो. माझा नियम एकच. आत गरम झालं की मोटार चालू करायची, पुरेसं गार झालं की बंद. माझ्या भरवशावर सापाच्या विषावरचं औषध काचेच्या नळ्यांत टिकून राहायचं. मोटार घरघरली की लोक म्हणत, "वा, काय मशीन आहे!" बंद केली की, "झोपली पहा कामचोर!" थांबणं हेही कामच, हे एकट्या कय्यूम कंपाउंडरला कळत होतं.

काही वर्षांनी एका चैत्रात खाणीच्या मॅनेजर साहेबाकडे पाहुणे उतरले. त्यांच्या पेल्यांना बर्फ पुरेना. साहेब तडक दवाखान्यात आला आणि कय्यूमच्या हातात आगकाडी ठेवून म्हणाला, "ही खुपस त्या थर्मोस्टॅटमध्ये. मोटार थांबलीच नाही पाहिजे."

"साहेब, नळ्या गोठून फुटतीन ना."

"तू डॉक्टर आहेस?"

कय्यूमने मान खाली घातली आणि काडी खुपसली. माझे दोन पत्रे अलग झाले की मोटार थांबते; काडीमुळे ते अलग होईनात. दोन दिवस मोटार एकसारखी चालली. तिकडे पेले किणकिणले, इकडे नळ्या तडकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहफुलं वेचताना रंभाला नाग डसला. तिचा नवरा लटारू, खाणीतला मजूर, तिला पाठीवर घेऊन धावत आला.

"भाऊ, सुई लाव! जल्दी कर!"

कय्यूमने फ्रीज उघडला. आत बर्फ आणि काचा. कोळशाच्या ट्रकमधून तिला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले. वाटेतच गेली.

साहेबाने कागदावर लिहिलं: यंत्र जुने, आपोआप बिघडले. मला उपटून भंगारात फेकलं. तिथेच लटारूने कय्यूमला गाठलं.

"मशीन काऊन बिघडली, भाऊ?"

कय्यूमने माझ्यातून काढून खिशात ठेवलेली काडी त्याच्या तळहातावर ठेवली. "मशीन नाई बिघडली, लटारूभाऊ. साहेबानं सांगतलं, अन् मी घातली."

लटारू काडीकडे पाहत राहिला. "एवढीशी?" म्हणाला.

पोरांनो, वेळेवर थांबणाऱ्याला कामचोर म्हणू नका. उद्या कोणी साहेब अशी काडी तुमच्याही हातात देईल. ती त्याच्याच हातात परत ठेवाल, तर आपण मित्र.