कोपऱ्यात अडकलेले मिस्तरी

फरशी बसवणारा माणूस भिंतीकडून दाराकडे मागे मागे सरकत येतो. आमच्या धंद्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही. एकदा उलटं करून बघितलं की माणूस आपोआप शहाणा होतो. आमचे हे, ज्यांना सगळे नुसतं 'मिस्तरी' म्हणतात, त्यांचे या कामात केस पांढरे झालेत. तरी त्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंच्या बैठकीच्या खोलीत ते पार पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसले होते आणि त्यांच्यापासून दारापर्यंत सगळी नुकतीच बसवलेली ओली फरशी पसरली होती. मी शेजारच्या खोलीतल्या फरशीचे सांधे भरून, हात पुसत दारात आले आणि बघतच राहिले.

"अहो, तुम्ही तिथे कसे?"

"कसा म्हणजे? काम करत करत आलो."

"आणि बाहेर कसे येणार?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मी हसून हसून चौकटीला टेकले.

मग ते उठायला गेले आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. डावा गुडघा अर्धा वाकलेला, तो सरळही होईना आणि मिटेनाही. त्यांनी पाय झटकून बघितला. हे झटकणं माझ्या ओळखीचं होतं. गुडघा असा अधूनमधून अडकायचा, झटकला की आत कट्ट व्हायचं आणि सुटायचा. कोणी विचारलं तर म्हणायचे, "थंडीचं होतं असं." उन्हाळ्यातही थंडीचंच. संध्याकाळी गुडघा फुगायचा, जिना उतरताना दगा द्यायचा. माझ्या नणंदेने दिलेलं तेल चोळून चोळून बाटली संपली आणि यांच्या गुडघ्याला फक्त चकाकी आली.

त्या दिवशी मात्र कट्ट झालंच नाही. खाली बसायचं तर डाव्या गुडघ्यावर भार येतो, आणि तो भारच यांना सोसत नव्हता. दारात निदान चौकटीला धरून बसता येत होतं. म्हणून डोक्याला न विचारता शरीराने सकाळी आपलं दारापासूनच सुरुवात केली होती.

मुख्याध्यापिका बाई निवृत्त झाल्यात, पण आवाज अजून शाळेतच आहे. त्या दारात येऊन म्हणाल्या, "मिस्तरी, कधीपासून लपवताय?"

"तसं काही नाही, बाई."

"तसं काही नसतं तर तुम्ही माझ्या भिंतीला चिकटून का बसला असता?"

आता फरशी बिघडवायची किंवा सुकेपर्यंत तिथेच बसायचं. यांनी आयुष्यात स्वतः बसवलेली फरशी कधी उचलली नव्हती. त्या दिवशी एकेक उचलली, पाठ पुसली, बाजूला रचली आणि लहान मूल बसल्या बसल्या सरकतं तसे सरकत सरकत दारापर्यंत आले. बाहेर खुर्चीवर बसल्यावर पाय एकदाचा सुटला. मग मी आत जाऊन त्या फरश्या परत बसवल्या आणि हे खुर्चीतून ओरडत राहिले. मी सांधे भरणारी बाई. बसवण्याचं काम मी बघितलेलं होतं, केलेलं नव्हतं. पण बसली हो फरशी.

घरी जाताना गाडीत मी म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे."

"नको."

"का नको?"

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "गुडघा उघडतील. नंतर मला गुडघ्यावर बसता नाही आलं तर? उभ्याने करायचं कोणतं काम येतं मला?"

या माणसाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मला भांडायचं होतं, पण भांडण राहूनच गेलं.

हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गुडघा वाकवला, पिळला, तेव्हा हे जवळजवळ टेबलावरून उठलेच.

"गुडघा अडकतो का?"

"कधीतरी," हे म्हणाले.

"आठवड्यातून चारदा," मी म्हणाले.

"सूज येते?"

"विशेष नाही."

"रोज संध्याकाळी. आणि जिन्यात पाय सटकतो, तेही लिहा."

डॉक्टरांनी पेन माझ्याकडे वळवलं आणि पुढचे सगळे प्रश्न मलाच विचारले. एमआरआय झाला. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये एक गादी असते, ती फाटली होती आणि तिचा सुटा तुकडा मध्येच येऊन अडकत होता, दारात खडा अडकावा तसा.

"प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला दुर्बिणीचं ऑपरेशन लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बरेचसे गुडघे विश्रांती आणि व्यायामाने ताळ्यावर येतात. पण तुमचा अडकतो, सरळ होत नाही. आत अडकणारा तुकडा व्यायामाने कसा निघणार? दोन बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजार. शिवता आलं तर शिवू, नाहीतर फाटका भाग काढू."

"गुडघा उघडणार नाही?"

"नाही."

"आणि मला गुडघ्यावर बसता येईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शब्द देत नाही. काही आठवडे कुबडी, मग व्यायाम, काही महिने गुडघ्यावर बसायचं नावही काढायचं नाही. बहुतेक येईल. पण असाच अडकत राहिला तर आतली झीज वाढेल, आणि मग मला बहुतेकसुद्धा म्हणता येणार नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. यांनीही डोलावली.

आलोच आहोत तर म्हणून मी माझाही गुडघा पुढे केला. "जिना चढताना दुखतो. याचंही छिद्रं पाडून उरकून टाका."

डॉक्टरांनी नीट तपासला. "अडकत नाही, सूज नाही, लचकत नाही. तुम्हाला ऑपरेशन नको. मांडीचे व्यायाम करा आणि वजन थोडं कमी करा."

माझा चेहरा बघून हे खो खो हसले. कित्येक दिवसांनी हसले, म्हणून मी अपमान गिळला.

ऑपरेशनला कमरेखालचाच भाग बधिर केला होता, त्यामुळे हे जागे होते आणि समोरच्या पडद्यावर स्वतःचा गुडघा आतून बघत होते. नंतर डॉक्टरच हसत सांगत होत्या, "तुमचे मिस्तरी मला म्हणाले, डाव्या कडेला जरा खडबडीत राहिलंय, तेवढं घासून घ्या." आणि खरंच राहिलं होतं म्हणे, त्या तिकडेच निघाल्या होत्या.

मग घरात व्यायाम सुरू झाले. पाय सरळ उचलायचा, धरायचा, हळूच खाली. दोन चटया शेजारी शेजारी. आपला व्यायाम टाळण्यासाठी ते माझ्या व्यायामावर देखरेख करत. "अगं, गुडघा वाकतोय तुझा." "तुम्ही तुमचा बघा." कामं आली तेव्हा फरशी मी बसवली आणि ते स्टुलावर बसून माझा जीव खात राहिले. पण हळूहळू त्यांचं ओरडणं कमी झालं, आणि त्याचीच मला भीती वाटली. स्टुलावरचा माणूस गप्प गप्प होत चालला होता.

शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली, तीही जाड गुडघापट्टी घालून आणि थोडाच वेळ. आम्ही एका बेकरीच्या मागच्या खोलीत काम करत होतो. भट्टीची ऊब येत होती. बेकरीवाला पावाचे ट्रे रचत होता. हे स्टुलावरून उठले, भिंतीला हात लावला, उजवा गुडघा टेकला, मग डावा. मी थापी हातात धरून उभी.

गुडघा टेकला आणि ते तसेच राहिले. मान खाली. खांदे हलत होते.

"अहो, दुखतंय का? उठा, उठा तिथून!"

"नाही गं."

"मग रडता कशाला?"

त्यांनी बाहीने डोळे पुसले. "दुखतच नाहीये. न दुखता बसायचं कसं असतं तेच विसरलो होतो."

"म्हणजे? अडकायच्या आधीपासूनच दुखत होतं? किती वर्षं?"

ते नुसते लाजल्यासारखे हसले. इतकी वर्षं रोज त्यांच्या मागोमाग त्याच फरशीवर मी सांधे भरत होते, हाताच्या अंतरावर, आणि या माणसाने मला कळू दिलं नव्हतं. मला असा संताप आला की थापी बादलीत फेकली. आणि बेकरीवाला बघतोय याची पर्वा न करता मी त्यांच्याशेजारी खाली बसले, त्यांना घट्ट धरलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी काहीही दुखलं, तर पहिल्या दिवशी मला सांगायचं."