छतावरची सुरकुती

फोरमनने शेवटचा नट आवळला. तारा ताणल्या, कापडाचं पांढरं छत चारी बाजूंनी ताठ झालं, पण डाव्या खांबाजवळची सुरकुती काही हलेना. त्याने आणखी आवळून पाहिलं. ती आपली होती तिथंच.

खाली उभ्या असलेल्या धाकट्या जावेला कारण ठाऊक होतं. तिथला तुकडा तिनेच कापला होता, आणि आडवा कापला होता. ताग्याच्या टोकाला कापड उभं पुरेना. नवा तागा उघडायचा कंटाळा. कोण बघतंय, म्हणून बाईसाहेबांनी साचा फिरवला आणि कात्री चालवली. हे कापड उभ्या धाग्यात ताठ राहतं आणि आडव्यात सैल पडतं, हे कारखान्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिला हे शिकवलं होतं थोरल्या जावेनेच. कामालाही तिनेच लावलं होतं.

मालकांचा राग मात्र जोडावर गेला. तुकडे तापवून जोडायचं मशीन वर्षानुवर्षं थोरलीकडे होतं. जोड ओढला गेलाय तुमचा, असं ते चारचौघांत म्हणाले. थोरलीने कपाळावर हात धरून बराच वेळ वर पाहिलं.

"असेल माझंच. डोळे दमतात हल्ली."

झालं! मालकांनी दुपारीच तिला डोळे तपासायला धाडलं, आणि इतके दिवस तिने हाताच्या सवयीवर झाकून नेलेलं सगळं उघडं पडलं. मशीन सुटलं, घड्या घालायचं काम हाती आलं. आणि धाकटी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. घरी थोरलीने नेहमीसारखं तिचंही ताट वाढलं.

सकाळी तिने मालकांना खरं ते सांगून टाकलं. ते भडकले, नवा तुकडा काप म्हणाले. पण जाऊबाईंना मशीन परत द्या म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला. चूक कुणाचीही असो, त्या डोळ्यांनी तापलेल्या पट्टीखाली बोटं कशी घालू द्यायची? धाकटी कात्री घेऊन नवा तागा उघडायला गेली. काल आपण तोंड उघडलं असतं तर डोळ्यांचा विषयच निघाला नसता.

संध्याकाळी ती थोरलीला घेऊन छताकडे निघाली. वाटेत मान खाली घालून तिने सगळं सांगितलं. थोरली जरा थांबली.

"कालच सांगायचंस गं," ती एवढंच म्हणाली, आणि चालू लागली.

छताखाली येऊन तिने वर पाहिलं. "कुठं आहे ती?"

धाकटीने दाखवलं. थोरलीला सापडेना. शेवटी धाकटीने तिचं मनगट धरलं आणि तिचंच बोट नेमकं सुरकुतीवर रोखलं.

"मला सगळं पांढरंच दिसतंय," थोरली म्हणाली. "कालही तसंच दिसत होतं. म्हणून म्हटलं, असेल माझंच."

धाकटीने मनगट सोडलं. बोट थोडा वेळ तसंच वर राहिलं, मग हळूहळू बाजूच्या साफ ताणलेल्या कापडाकडे सरकलं.